तुम्ही विचारलंत म्हणून: भोवऱ्याचं काय ते

"तुमचा स्वतःचा भोवऱ्यांवर विश्वास आहे का हो?" विसार खिशात गेला की गिऱ्हाईक हमखास विचारतं. सौद्याआधी कुणी विचारत नाही. मी घोड्यांचा व्यापारी. भोवरा म्हणजे घोड्याच्या अंगावर केस गोल फिरलेली जागा; ती कुठं आहे त्यावरून लोक शुभ-अशुभ ठरवतात.

नाही. वीस वर्षं हेच सांगतोय. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, तिथून पंधरा दिवसांत अमावास्येला माळेगावची जत्रा, अशा फेऱ्या झाल्या. गळ्यावर देवमण, म्हणजे सगळ्यात शुभ मानलेला भोवरा, असलेला मारवाडी घोडा पोटशूळानं एका रात्रीत गेलेला पाहिलाय. पाय बघा, चालवून बघा, दात बघा. अडीच वर्षांला पुढच्या दुधाच्या दातांची मधली जोडी बदलते, साडेतीनला शेजारची, साडेचारला कोपऱ्यातली. नुकरा ही जात नव्हे, पांढरा रंग आहे. हे सगळं मी फुकट सांगतो आणि गिऱ्हाईक घोड्याच्या कपाळावरचे केस चाचपत बसतं.

मग खोडीची, म्हणजे अशुभ भोवऱ्याची, जनावरं स्वस्तात का घेता? घेतो. लोक घाबरतात म्हणून भाव पडतो, पडला की घेतो. यात चोरी काय?

आता ती घोडी. काठियावाडी, कुमैत म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची, चार दाती, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. रवाल चाल अशी की हातातल्या तांब्यातलं पाणी सांडू नये. पाठीवर, बरोबर खोगिराच्या जागी, भोवरा. निम्म्या भावात मिळाली.

माळेगावला बीडकडचे एक आबा आले, सोबत कॉलेजातला मुलगा. दात पाहिले, पाय उचलून नाल पाहिले, पोरानं फेरी मारली. आबा म्हणाले, "खोड-बिड न्हाई ना, मालक?" मी म्हणालो, "जनावर पुढं उभं आहे, बघून घ्या." भाव ठरवायला रुमालाखाली बोटं धरली, सौदा झाला.

चैत्रात पोरगा एकटाच टेम्पो घेऊन आला. डोक्यावर केस नुकते उगवत होते. मी काय ते समजलो. आबांचं दुखणं जुनं, डॉक्टरांनी दिवाळीतच हात टेकले होते, हे त्यानंच सांगितलं. मला तेवढंच हवं होतं. "अरे, मग घोडीचा काय दोष?"

"दोष न्हाईच. पन आजी म्हनती, दारात ठिवू नको." दावं सोडता सोडता तो म्हणाला, "काका, त्या दिवशी तुमी खोगीर का काढलं न्हाई?"

पैसे परत दिले. चारा-पाण्याचे म्हणून पाच हजार कापून. ते का कापले, हे मला सांगता येत नाही. येतं, पण सांगत नाही.

विश्वास नव्हता तर खोगीर काढायला काय जात होतं? भाव जात होता. घेताना मी लोकांची भीती मोजून घेतली आणि विकताना तीच खोगिराखाली झाकली. पण दाखवलं असतं तर एवढ्या गुणी घोडीला गिऱ्हाईक मिळालं नसतं, हेही खरंच आहे ना? आणि आबा तर तसेही जाणारच होते. हे वाक्य मी फार वेळा म्हणतो.

घोडी अजून माझ्याच दारात आहे, गाभण आहे. परवा बायकोनं तिच्या पायात काळा दोरा बांधला. खरारा करताना तो रोज हाताला लागतो. मी सोडलेला नाही.