विंडोज ड्रायव्हर साइनिंग: पाच आठवडे एका पत्त्यात अडकलो (माझा अनुभव)

सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगतो. ज्याला कोणाला विंडोजसाठी स्वतःचा कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा) साइन करून, म्हणजे त्यावर डिजिटल सही करून घ्यायचीय त्याने बाकी काही करायच्या आधी फर्मच्या रजिस्ट्रेशनवरचा पत्ता, लाइटबिल आणि बँक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून पत्ता अक्षर न अक्षर जुळतोय का ते बघावं. सहीसाठी लागणारं सर्टिफिकेट देणारी कंपनी हाच पत्ता तपासते. माझे पाच आठवडे तिथे गेले, अजून आठवलं की डोकं तापतं.

माझा ड्रायव्हर चार पोर्टच्या एका सिरियल कार्डाचा आहे. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, तिचा शेवटचा ड्रायव्हर ३२ बिटचा होता, आणि भोसरी, चाकण, तिकडे कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत अशा कितीतरी वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरने चालणाऱ्या) मशीनला प्रोग्राम अजून आरएस-२३२ या जुन्या सिरियल केबलनेच जातो. मशीन ठणठणीत आहे, कार्ड ठणठणीत आहे, फक्त नवीन पीसीवर ड्रायव्हर नाही. म्हणून मी ६४ बिटचा लिहिला आणि सोर्ससकट फुकट टाकला.

चालायचा मस्त, पण साइन नव्हता. ६४ बिट विंडोज व्हिस्टापासूनच सही नसलेला कर्नल ड्रायव्हर लोड करत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ५२. मग मी लोकांना टेस्ट मोड (ज्यात मायक्रोसॉफ्टच्या सहीशिवाय ड्रायव्हर चालतो) चालू करायला सांगायचो, त्यासाठी सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना सह्या तपासणारी सोय) बंद करावं लागतं. भोसरीतल्या एकाने ते बंद केलं आणि पुढच्या बूटला बिटलॉकरने (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागितली, ती कोणालाच माहीत नव्हती, त्याची पूर्ण शिफ्ट गेली. मला त्याचा फोन आला तेव्हा फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं, सही करून घ्यायचीच.

पूर्वी क्रॉस-साइन सर्टिफिकेट (मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या कंपनीचं) घेतलं की आपल्या आपण सही करता यायची. विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून, म्हणजे २०१६ पासून, नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर पोर्टलचीच सही लागते, आणि बहुतेक क्रॉस सर्टिफिकेटं २०२१ मध्ये संपली. पोर्टलवर खातं उघडायला ईव्ही (जास्त कसून तपासून दिलेलं) कोड साइनिंग सर्टिफिकेट पाहिजे, आणि ईव्ही माणसाच्या नावावर मिळत नाही, संस्थेच्या नावावरच मिळतं. म्हणजे एकटा माणूस संध्याकाळी घरी बसून फुकट ड्रायव्हर लिहितो त्याच्यासाठी दारच नाही! हे मला आजही पटत नाही.

मग मी आणि बायकोने मिळून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी फर्म) काढली. ते झालं.

आणि हो, आमच्या अकाउंटंटनी मला विचारलं होतं, "अहो तुमच्याकडे डीएससीचं टोकन आहे ना, त्यानेच करा की सही." नाही चालत. डीएससी म्हणजे डिजिटल सही; इन्कम टॅक्स आणि एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) फॉर्मवर चालणारं क्लास ३ टोकन वेगळं, ड्रायव्हर साइनिंगचं वेगळं. दोन्ही यूएसबीला लावतात म्हणून सारखी वाटतात एवढंच.

आता घोडं कुठे अडलं ते. सर्टिफिकेट देणारी कंपनी (नाव घेत नाही) तीन गोष्टी तपासते: फर्म खरंच आहे का, पत्ता खरा आहे का, आणि फर्मचा फोन नंबर त्यांना स्वतंत्र ठिकाणी सापडतो का. पहिली एका दिवसात झाली. दुसरीत एमसीएच्या रेकॉर्डला सर्व्हे नंबर आणि फ्लॅट नंबर, तर लाइटबिलावर जुना प्लॉट नंबर आणि सोसायटीचं नाव. पुण्यात निम्म्या घरांची हीच कथा असेल, पोस्टमन दोन्ही पत्त्यांवर पत्र आणून देतो. पण तिथे बसलेल्या माणसाला ती दोन वेगळी घरं वाटली. मी सोसायटीचं पत्र पाठवलं, उत्तर आलं की हा मान्य कागद नाही. प्रॉपर्टी टॅक्सची पावती पाठवली, उत्तर आलं की ही मराठीत आहे. भाषांतर करून पाठवलं तर उत्तर द्यायला भलताच माणूस, आणि तो परत पहिल्यापासून लाइटबिल मागतोय. दर वेळी दोन-तीन दिवस थांबायचं, मग तोच साच्यातला मेल, वर लिहिलेलं की केस होल्डवर आहे. चौथ्या आठवड्यात मी रात्री दोनला उठून मेल बघायला लागलो होतो.

शेवटी चॅटवरच्या एका मुलीने आपणहून सांगितलं की चार्टर्ड अकाउंटंटचं पत्र चालतं, त्यात फर्म, पत्ता आणि फोन तिन्ही एका फटक्यात सिद्ध होतात. हे पहिल्या दिवशी कोणी का सांगत नाही? मसुदा त्यांचाच असतो, फक्त मागावा लागतो. अकाउंटंटनी लेटरहेडवर यूडीआयएन (पत्र खरं आहे का ते तपासायचा नंबर) टाकून सही-शिक्का दिला. पण सर्टिफिकेटवाले पत्रावरच्या नंबरला फोन करत नाहीत, आयसीएआयच्या (चार्टर्ड अकाउंटंटच्या संस्थेच्या) यादीतल्या नंबरला करतात, आणि तिथे आमच्या अकाउंटंटचा बंद पडलेला लँडलाइन. तो बदलून घेण्यात आठवडा. त्यात सप्टेंबर, ऑडिटची घाई, त्यांच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही.

मग अकाउंटंटना फोन आला आणि त्यांनी कापला. "रात्री साडेदहाला परदेशी नंबर, मला वाटलं लोनवाले." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरीच जाऊन बसलो, काकूंनी पोहे दिले, आणि १०:५० ला फोन वाजला. चार प्रश्न. पत्र तुम्हीच दिलं का, सही तुमची का, फर्मला ओळखता का, पत्ता हाच का. दोन मिनिटं सुद्धा नाही लागली! पाच आठवडे ज्याच्यासाठी तडफडलो ते दोन मिनिटांत. गाडीवर बसल्यावर डोळे भरून आले होते, खरं सांगतो.

सर्टिफिकेटचं टोकन कुरियरने आलं. (जून २०२३ पासून सहीची गुप्त किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, फाइल म्हणून मिळत नाही.) त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, ठराविक वेळा चुकला की टोकन लॉक. आणि ते ज्या पीसीला लावलंय त्याच्यासमोरच बसा, रिमोट डेस्कटॉपवरून ते दिसत नाही, माझा एक दिवस त्यात गेला.

पोर्टलवरचं बाकी सगळं एका दुपारीत झालं. टेस्ट वगैरे नको असेल तर अटेस्टेशनचा मार्ग घ्या: सिस (ड्रायव्हर), इन्फ (इन्स्टॉलची माहिती) आणि पीडीबी (डीबगची माहिती) फाइल मेककॅब टूलने कॅबमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलीत) घाला, कॅबवर टोकनने सही करा, अपलोड करा. फाइली कॅबच्या मुळात नकोत, आत फोल्डर करून त्यात ठेवा, नाहीतर परत येतं. ही सही विंडोज १० आणि ११ वर चालते, सर्व्हरवाल्या आवृत्त्यांसाठी एचएलके (मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर चाचण्या) टेस्ट कराव्या लागतात.

एक राहिलं. अपलोडच्या आधी घरच्या घरी इन्फ२कॅट (पॅकेज तपासून कॅटलॉग बनवणारं टूल) चालवून बघत असाल तर मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत आपली तारीख यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) पुढे असते, आणि ते टूल इन्फमधली तारीख भविष्यातली आहे म्हणून अडून बसतं. यूज-लोकल-टाइमचा स्विच द्या.

आणि तुमचं डिव्हाइस यूएसबी असेल तर आधी विनयूएसबीवर (विंडोजमध्येच असलेल्या ड्रायव्हरवर) भागतंय का बघा, स्वतःचा कर्नल ड्रायव्हरच नको. माझं कार्ड पीसीआय एक्सप्रेस, मला पर्याय नव्हता.

साइन केलेलं पॅकेज आलं त्याच संध्याकाळी भोसरीत गेलो. सिक्युअर बूट चालू, बिटलॉकर चालू, टेस्ट मोड नाही. इन्स्टॉल केलं, चारही पोर्ट दिसले, त्याने लगेच केबल लावून प्रोग्राम सोडला आणि मशीन फिरायला लागलं. मी तिथे उभा राहून पूर्ण पीस होईपर्यंत बघत होतो.

अकाउंटंटच्या पत्राचा मसुदा मी नावं काढून ठेवलाय, ज्याला पाहिजे त्याने मागा. आणि सर्टिफिकेट संपायच्या दोन महिने आधीच रिन्यूअलला लागा, कारण ती तपासणी पुन्हा होते.