मरण विकलं, भीती उधार दिली

प्रश्न साधारण एकाच सुरात येतो. "तुम्ही कोकणातले. वेताळ, देवचार, मुंजा, गिऱ्हा, हडळ असं सगळं गणगोत घरचं. मग भुतं वाचायला थेट नायजेरियापर्यंत कशाला जाता?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, नुसता चिमटा काढायचा असतो. पण तुम्ही नेट लावून विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'आफ्रिकेतली भुतं' अशी एकगठ्ठा जमात नाही. दक्षिण आफ्रिकेत टोकोलोशे नावाच्या बुटक्याचा हात पोचू नये म्हणून खाटेच्या पायांखाली विटा लावतात; त्याचा नायजेरियातल्या जंगलाशी काही संबंध नाही. मी वाचतो ते मुख्यतः नायजेरियातल्या योरुबा आणि इग्बो या दोन समाजांच्या गोष्टींमधून उगवलेलं लेखन. त्याच्यापुरतंच बोलतो.

मराठी भयकथा, विशेषतः छापील, जागेवर जगते. पडका वाडा, आड, पिंपळ, अमावास्या. माणूस तिथे गेला नसता तर काही झालंच नसतं. म्हणून ती वाचून झाली की आपण सुरक्षित. आपल्या फ्लॅटला आड नाही. योरुबा गोष्टीत मात्र भूत भर दुपारी, भर बाजारात येतं, आणि बाजारात जे करायचं तेच करतं: सौदा. कोणीतरी काहीतरी घेतलेलं असतं, कोणीतरी काहीतरी देणं लागत असतं. त्या लोकांत एक म्हण आहे, जग हा बाजार आणि स्वर्ग हे घर. आपल्या कीर्तनातही शोभेल अशी आहे, पण भयकथा लिहिणाऱ्याच्या हातात ती गेली की अंगावर येते. कारण बाजारात आलेला प्रत्येक जण माणूसच असेल याची खात्री कोण देणार?

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे आमोस टुटुओला. जन्म 1920, गाव अबेओकुटा. शाळा जेमतेम सहा वर्षं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलासाठी तांबटकाम केलं, पुढे लागोसला मजूर खात्यात शिपाई म्हणून चिकटला. त्याची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' ही कादंबरी 1952 मध्ये लंडनच्या फेबर अँड फेबरने काढली. डिलन थॉमससारख्या कवीने तिचं कौतुक केलं आणि नायजेरियातले शिकलेले लोक संतापले. हे कसलं इंग्रजी, जग आपल्याला हसेल, असं त्यांचं म्हणणं. ती भाषा खरोखर मोडकी आहे, पण हिशेबाच्या वहीसारखी रोखठोकही आहे. आणि हिशेब हा तर त्या पुस्तकाचा जीव आहे.

नायक पट्टीचा ताडी पिणारा. बापाने त्याला 5,60,000 झाडांची बाग दिलेली. रोज सकाळी 150 आणि संध्याकाळी 75 पिंप ताडी काढणारा माणूस झाडावरून पडून मरतो, तर हा त्याला शोधायला मेलेल्यांच्या गावी निघतो. वाटेत एका गावच्या मुखियाची मुलगी सोडवायचं काम त्याच्यावर येतं. तिची हकिगत अशी. बाजारात एक देखणा पुरुष आला. इतका देखणा, की बॉम्ब टाकणाऱ्यांनी त्याला पाहिलं असतं तर टाकले नसते, आणि टाकलेच असते तर हा गावाबाहेर पडेपर्यंत बॉम्ब फुटला नसता. मुलगी त्याच्या मागे निघाली. तो म्हणाला, परत जा. ती ऐकेना. गावाची वाट संपली, जंगल लागलं, आणि तो एकेका ठिकाणी थांबून एकेक अवयव ज्याचा त्याला परत देत निघाला. पाय भाड्याचे, पोट भाड्याचं, छाती, हात, मान, सगळं भाड्याचं. प्रत्येकाला ठरलेलं भाडं चुकतं केलं. शेवटी डोक्यावरचं मांस आणि कातडीही परत गेली आणि उरली नुसती कवटी. ती टुणटुण उड्या मारत पुढे, आणि आता पळू पाहणाऱ्या मुलीला अडवायला जोरात धावणारी. पुढे तिच्या गळ्यात कवडी बांधली जाते. कवडीने वाचा जाते, आणि ती पळू लागली की कवडीच बोंब ठोकते.

ही गोष्ट टुटुओलाने रचलेली नव्हे. पश्चिम आफ्रिकेत ती कितीतरी रूपांत सांगितली जाते, बहुधा आईबापांचं न ऐकता नवरा निवडणाऱ्या मुलींना दटावायला. दटावणी मला आवडत नाही. पण त्या भाड्याच्या अवयवांनी माझी झोप उडवली आहे. तो गृहस्थ कोणाला फसवत नाही, हे लक्षात घ्या. घेतलेलं वेळेवर परत करतो, पैसे बुडवत नाही, मुलीला परत जायलाही सांगतो. व्यवहाराला इतका चोख, आणि तरीही आत कवटी.

मग येतो माझा सगळ्यात आवडता प्रसंग. नायक आणि ती मुलगी, आता त्याची बायको, एका प्रचंड पांढऱ्या झाडापाशी पोचतात. झाडाला दार आहे. आत जाण्याआधी दोघं दारातच आपलं मरण विकून टाकतात, किंमत 70 पौंड 18 शिलिंग 6 पेन्स. आणि भीती उधार देतात, व्याज महिन्याला साडेतीन पौंड. आत मजेत राहतात. बाहेर येताना भीती घेणारा ती परत करतो, शेवटचं व्याजही देतो. मरण घेणारा मात्र म्हणतो, मी विकत घेतलंय, परत मिळणार नाही. म्हणजे तिथून पुढे त्यांना मरण नाही, पण भीती आहे. पुढच्या प्रत्येक संकटात ही दोघं थरथर कापतात आणि मरू मात्र शकत नाहीत. भयकथेतल्या माणसाची इतकी नेमकी अवस्था मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि ती या शिपायाने दोन-तीन ओळींत, पावती फाडल्यासारखी लिहून टाकली आहे.

टुटुओलाच्याही आधी 1938 मध्ये फागुनवा या शाळामास्तरांनी योरुबा भाषेत शिकारी आणि भुतांच्या जंगलाची कादंबरी लिहिली होती. पुढे नायजेरियातलेच कवी-नाटककार वोले सोयिंका यांनी ती इंग्रजीत आणली. मी तीही वाचली. चांगली आहे, पण उपदेश फार.

आता जरा जड भाग. योरुबा लोकांत 'अबिकू' आणि इग्बो लोकांत 'ओगबांजे' ही कल्पना आहे: पुन्हापुन्हा जन्मणारं आणि पुन्हापुन्हा मरणारं मूल. पलीकडच्या सोबत्यांशी त्याचा करार असतो की अमुक वेळी परत यायचं. म्हणजे इथेही देणंच आहे, फक्त ते पाळण्यातल्या जिवावर आहे. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचे, नेणाऱ्याला वाटावं की यात नेण्यासारखं काही नाही. योरुबा आई नेणाऱ्याला फसवत नाही, ती थेट मुलाशीच बोलते. मालोमो, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाये, म्हणजे थांब, जगणं भोग. कोसोको, म्हणजे खड्डा खणायला आता कुदळ राहिली नाही. हे शेवटचं नाव घेऊन कोणीतरी रोज लेकराला जेवायला हाक मारत असेल.

चिनुआ अचेबेच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या 1958 च्या कादंबरीत एक्वेफीची दहापैकी नऊ मुलं गेलेली आहेत. दहावी एझिन्मा. ओगबांजेची पलीकडच्या जगाशी असलेली खूण जमिनीत पुरलेली असते, ती सापडली की करार तुटतो, म्हणून मांत्रिक त्या पोरीलाच विचारतो, कुठे पुरलीस? आणि ती सगळ्या गावाला मागे घेऊन इकडून तिकडे फिरवते. शेवटी खोल खड्ड्यातून मळक्या चिंधीत गुंडाळलेला एक गुळगुळीत खडा निघतो. अचेबे यात भुताचं एकही वाक्य घालत नाही. नुसती फिरणारी पोरगी, चिडलेला बाप आणि खोल होत जाणारा खड्डा. सोयिंकांची 'अबिकू' ही कविता त्याहून थंड आहे, कारण तीत मूलच बोलतं आणि आईबापांच्या गंड्यादोऱ्यांना हसतं. जे. पी. क्लार्कने त्याच नावाच्या कवितेत उलट बाजू घेतली, उंबऱ्यावर घुटमळू नकोस, आत ये, राहा. बेन ओक्रीच्या 'द फॅमिश्ड रोड'मधला आझारो हा अबिकू तर आईच्या चेहऱ्यासाठी करार मोडतो आणि सोबती त्याला शेकडो पानं छळतात. त्या कादंबरीला 1991 चं बुकर मिळालं. मला ती दीडशे पानं जास्त वाटते.

डॉक्टर आणि अभ्यासकांनी या कल्पनेचा संबंध सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराशी जोडला आहे. एकाच घरात एकामागून एक मुलं आजारी पडणं, हातपाय सुजणं, वारंवार ताप, लहानपणीच मृत्यू. सिकलसेल घेऊन जन्मणारी बाळं जगात सर्वाधिक नायजेरियात आहेत, आणि आपल्या नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटालाही हा आजार चांगला ठाऊक आहे. हे कळल्यावर अबिकूची गोष्ट पोकळ होईल असं वाटलं होतं. झालं उलटच. रक्तात वारशाने आलेलं देणं, जे आईबापांपैकी कोणालाच आपल्याकडे आहे हे माहीत नव्हतं, हा करार गोष्टीतल्या करारापेक्षा सौम्य आहे असं कोण म्हणेल?

पैशाच्या भुतांकडे येतो. 1986 मध्ये नायजेरियाने आर्थिक सुधारणांचा कार्यक्रम स्वीकारला, नायरा हे तिथलं चलन घसरत गेलं, पगारदार माणूस कंगाल झाला आणि काही लोक रातोरात मोटारी फिरवू लागले. ते कसे, याचं उत्तर 1992 मध्ये व्हीएचएस कॅसेटवर विकायला आलेल्या 'लिव्हिंग इन बाँडेज' या इग्बो चित्रपटाने दिलं: बायको देऊन. नायक अँडी एका गुप्त मंडळात जातो. सगळ्यात लाडकं माणूस अर्पण कर, असं ते सांगतात. तो आधी वेश्या नेऊन बायको म्हणून खपवायला बघतो, ते फसतं, मग खरी बायको देतो. पैसा येतो, आणि बायकोही परत येत राहते. छायाचित्रण लग्नाच्या कॅसेटसारखं, शेवटी चर्च येऊन सोडवतं, हा शेवट मला अगदी पडेल वाटतो. पण नॉलिवूड म्हणतात तो नायजेरियाचा सगळा चित्रपट-उद्योग या कॅसेटपासून भरभराटला. लोकांना आपल्या महागाईची भयकथा हवी होती.

पैसा देणारी आणखी एक म्हणजे मामी वाटा, पाण्यातली बाई. संपत्ती देते, बदल्यात निष्ठा मागते, पुष्कळ गोष्टींत संसारसुखही. इथे मात्र आपला खराखुरा संबंध लागतो. तिचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र, गळ्यात साप घेतलेली लांब केसांची बाई, हे मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हॅम्बर्गला छापलेलं गारुडीणीचं पोस्टर. ते पश्चिम आफ्रिकेत पोचलं आणि देवी झालं. 1955 मध्ये घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांसाठी त्याच्या 12,000 प्रती छापल्या मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने. भारतीय देवांची इतर चित्रंही त्या किनाऱ्यावर गेली. टोगो-घानाच्या किनारपट्टीवरच्या एवे लोकांत देन्सू या जलदेवतेची मूर्ती तीन मुखांची असते, कारण ती आपल्या दत्ताच्या तसबिरीवरून घेतली आहे. गाणगापूरला जाणाऱ्या माझ्या काकूला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग तिथे गुरुवार पाळतात का?"

हल्ली दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात. हे वाचता म्हणजे मानता का? नाही. आणि या गोष्टींचा खरा धोका मला माहीत आहे. 1996 मध्ये नायजेरियातल्या ओवेरी शहरात पैशासाठी नरबळी म्हणून अकरा वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि संतापलेल्या लोकांनी श्रीमंतांची घरं जाळली. तिथल्याच अक्वा इबोम राज्यात काही प्रार्थनामंडळांच्या नादाने मुलांना चेटकी ठरवून घराबाहेर काढलं जाऊ लागलं, तेव्हा 2008 मध्ये तिथे त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपला जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतरचा. तेव्हा हे दूरच्या अडाण्यांचं प्रकरण आहे असं कोणी मला सांगू नये. गोष्ट वाचणं आणि शेजारणीला डाकीण म्हणणं यांतलं अंतर राखणं हे वाचणाऱ्याचं काम आहे, आणि टुटुओला-अचेबे त्यात मदतच करतात. त्यांच्याकडे भूत शोधायला निघालेला माणूस शेवटी आपलाच हिशेब तपासत बसतो. मला चीड येते ती योरुबांच्या ओरिशा दैवतांना झगझगीत कपडे घालून परदेशी वाचकांसाठी सुपरहिरो करणाऱ्या नव्या कादंबऱ्यांची. त्यांत कोणी कोणाचं काही लागत नाही. सगळे नुसते उडतात.

सुरुवात कुठून करायची, असं विचारणारे थोडे असतात, पण असतात. टुटुओलापासून करा, आणि मोठ्याने वाचा. मनात वाचलंत तर व्याकरण टोचत राहील. अचेबे शाळा-कॉलेजात होऊन गेला असेल तर एझिन्माचं नववं प्रकरण तेवढं पुन्हा काढा. ओक्री सुट्टीत. चित्रपटच हवा असेल तर सी. जे. ओबासीचा 2023 चा कृष्णधवल 'मामी वाटा' बघा, पण तो फोनवर बघू नका. त्यातला अंधार त्या पडद्यावर कळत नाही.