एक चिठ्ठी, तीन दुकाने

गेली बावीस वर्षे मी सांगलीत औषधांचे दुकान चालवतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आजीसाठी झोपेच्या गोळ्या हव्यात म्हणून मोबाईलवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन आला. मूळ चिठ्ठी आण, असे मी सांगताच तो "बरं काका" म्हणून निघून गेला आणि आपण नियम पाळला या समाधानात मीही तो प्रसंग विसरून गेलो. पुढे व्यवसायबंधूंशी बोलताना कळले की तोच फोटो, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग असलेला, आणखी दोन दुकानांत दाखवला गेला होता आणि एकाने गोळ्या दिल्याही होत्या.

नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशा गोळ्या विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवून ती वही तीन वर्षे जपण्याचा नियम २०१४ पासून लागू आहे. पण ज्याची वही त्याच्या गल्ल्याखाली राहते, आणि तीन वह्या शेजारी ठेवून पाहणे हे कोणाचेच काम नसते. आमचे घोडे अडले होते ते इथेच. शिक्षकांना वर्गात पेंगणारा मुलगा दिसत होता, आईला डब्यातून कमी होणारे पैसे दिसत होते, आणि तालमीमागे पडलेल्या सुया वस्तादांना दिसत होत्या. त्या सुया मेफेंटरमाइनच्या होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीमुळे घसरलेला रक्तदाब वर आणण्याचे ते औषध, जोर वाढतो म्हणून मुले स्वतःच टोचून घेत होती.

२०२४ मध्ये कुपवाडला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा साठा सापडला आणि २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत ते बनवणारा कारखानाच उघडकीस आला, तेव्हा शहरात शपथा झाल्या, फेऱ्या निघाल्या. फेरीला माझा विरोध नाही, मात्र तिच्यात फलक धरून पुढे चालणाऱ्यांत तो चिठ्ठीवाला मुलगाही होता.

ज्याला जे दिसते ते एकत्र ठेवून पाहण्यासाठी आम्ही एक गट केला; तो गणेश मंडळाच्या खोलीत दर दुसऱ्या रविवारी बसतो. दोन शिक्षिका, वस्ताद, आम्ही तिघे औषधविक्रेते, बचत गटाच्या ताई, बीटचे हवालदार आणि एक रिक्षावाले. पहिल्याच महिन्यात शिक्षिकांनी टेप घेऊन शाळेच्या फाटकापासून अंतर मोजले. तंबाखूविक्रीस कायद्याने शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत बंदी असताना पहिली टपरी तीस पावलांवर होती. टपरीवाले दादा शांतपणे म्हणाले, "बाई, मी हलतो, पण जागा तुम्ही दाखवा." जागा शोधायला चार महिने लागले, आता तेही बैठकीला येतात आणि रात्री कोणाची दुचाकी कुठे थांबते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

सर्वांत मोठे भांडण त्या मुलाच्या नावावरून झाले. ते पोलिसांत द्यावे, असे निम्म्यांचे मत होते. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून सूट देण्याची तरतूद एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात आहे, हे हवालदारांनीच सांगितले आणि वाद मिटला. बचत गटाच्या ताई त्याच्या आईला घेऊन मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. तो एकदा घसरला, पुन्हा उपचारांना गेला; आता जातो.

आइसलँडमध्ये याच मार्गाने, पालकांच्या रात्रीच्या फेरफटक्यांपासून मुलांच्या खेळांसाठी दिलेल्या पैशांपर्यंत सगळे जुळवून, महिनाभरात एकदा तरी दारूच्या नशेत असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत ५ टक्क्यांवर आले. तिथे सरकारचा पैसा पाठीशी होता. आमच्याकडे शाळेमागच्या मैदानातला दिवा लागावा म्हणून केलेल्या अर्जाला सात महिने झाले. तोवर वस्तादांनी तालमीतून वायर ओढून एक बल्ब लावला आहे. त्याखाली संध्याकाळी नऊपर्यंत कबड्डी चालते, आणि विजेचे बिल आम्ही तिघे दुकानदार वाटून भरतो.