उकिडवे बसण्याची नोकरी

अमेरिकेतल्या अ‍ॅलनटाउनच्या मैदानावर 2011 च्या उन्हाळ्यात मी आयुष्यातला पहिला बेसबॉल सामना पाहिला, आणि क्रिकेटवर वाढलेल्या माणसाची नजर जिथे जाणार तिथेच, म्हणजे फलंदाजामागे उकिडव्या बसलेल्या कॅचरवर, ती खिळून राहिली. मांड्यांच्या आडोशाला उजव्या हाताची बोटे हलवून, पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे तो पिचरला सुचवत होता. आपल्याकडे हा मान गोलंदाजाचा. इथे पिचर नकारार्थी मान हलवू शकतो, पण सुचवणारा कॅचरच. एका सामन्यात असे दीडशेच्या आसपास चेंडू! माझे गुडघे नुसते पाहूनच दुखू लागले.

त्या मोसमात इथल्या लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज या दुय्यम लीगमधल्या संघाकडे एरिक क्रॅट्झ नावाचा कॅचर होता. त्याचे गाव टेलफर्ड, इथून जवळच. नवे खेळाडू वाटून घेताना टोरांटो ब्लू जेज संघाने 2002 मध्ये त्याला निवडले ते थेट 29व्या फेरीत, म्हणजे जवळजवळ उरल्यासुरल्यांत. आणि मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा, पहिला सामना त्याला पिट्सबर्गकडून मिळाला तो 2010 च्या जुलैमध्ये, तिशी उलटल्यावर. फलंदाजी बेताचीच. तरीही फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, मिलवॉकी, न्यूयॉर्क असे संघ त्याला घेत राहिले, कारण मुख्य कॅचरच्या गुडघ्यांना रोजचे बसणे झेपत नाही आणि दुसरा विश्वासू माणूस हाताशी लागतोच. मात्र नवा खेळाडू आला की संघाच्या चाळीस जणांच्या यादीतून पहिले नाव अशाच माणसाचे कटते. मग दुसरा संघ उचलेल का, याची काही दिवस वाट पाहायची, आणि उचललेच तर बिऱ्हाड पुन्हा हलवायचे. आमच्या व्हिसाच्या रांगेतल्या मंडळींना ही धाकधूक वेगळी समजावून सांगायला नको.

मिलवॉकीकडून 2018 च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या 38व्या वर्षी, तो प्रथमच बाद फेरीत खेळला आणि कोलोरॅडोविरुद्ध त्याने आठपैकी पाच वेळा हिट मारली, म्हणजे चेंडू फटकावून सुखरूप तळ गाठला. बेताची फलंदाजी म्हणालो ते इथे मुकाट्याने मागे घेतो. दोन वर्षांनी, चाळिशीत, न्यूयॉर्क यँकीजच्या कोवळ्या पिचरांबद्दल पत्रकारांशी बोलताना त्याचा कंठ दाटून आला. तो त्याचा शेवटचा मोसम ठरला. करोनामुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.