फायटेज टाकलं, मग डीसीपी किती काढायचं?

कोंबडीखाद्यातल्या मका आणि सोया पेंडीतल्या फॉस्फरसचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवण्याइतकं फायटेज (फायटेट फोडणारं एन्झाइम) ब्रॉयलरच्या पोटात नसतं, म्हणून ते खाद्यातून द्यायचं. पण जुना फॉर्म्युला तसाच ठेवून वरून फायटेज टाकलं, तर सुटलेला फॉस्फरस बराचसा विष्ठेतून लिटरमध्येच (शेडमधल्या तुसाच्या गादीत) जातो. पैसे वाचतात ते डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरस आणि कॅल्शियम देणारी पावडर) कमी केल्यावर.

5000 एफटीयू (फायटेजची ताकद मोजायचं एकक) प्रतिग्रॅमचं फायटेज टनाला 100 ग्रॅम टाकलं की किलोमागे 500 एफटीयू पडतात. समजा लेबलवर उपलब्ध फॉस्फरसची मॅट्रिक्स, म्हणजे फायटेजमुळे मिळेल असं धरायचं प्रमाण, 0.12 टक्के आहे. म्हणजे टनाला 1.2 किलो फॉस्फरस. 18 टक्के फॉस्फरसच्या डीसीपीत हे साधारण साडेसहा किलो होतात. तेवढं काढा. प्री-स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या अगदी सुरुवातीच्या खाद्यात) मात्र हात आखडता ठेवलेला बरा.

खरी गोम पुढे आहे. मोकळी झालेली जागा कित्येक जण चुनखडी पावडरने भरतात, स्वस्त पडते म्हणून. डीसीपीबरोबर दीड किलो कॅल्शियम गेलं खरं, पण तेवढ्याच वजनाच्या चुनखडीतून जवळपास अडीच किलो आत आलं. शिवाय फायटेटला चिकटलेलं कॅल्शियम फायटेज सोडवतंच. जादा कॅल्शियम फायटेटला धरून बसतं आणि एन्झाइमचं काम अडतं. मग पिल्लं लंगडतात, चोच रबरासारखी वाकते आणि शिव्या खातं फायटेजचं पाकीट! जागा मक्याने भरा आणि कॅल्शियम नव्याने मोजा.

100 ग्रॅम पावडर थेट टनाच्या मिक्सरमध्ये ओतू नका. आधी किलोभर मक्याच्या पिठात, मग दहा किलोंत कालवा, मिक्सर अर्धा भरल्यावर टाका. तेल सगळ्यात शेवटी, नाहीतर गोळे होतात. कोलीन क्लोराइड ओल धरतं, त्यात एन्झाइम मिसळून ठेवू नका. मॅश (नुसतं दळलेलं खाद्य) देणाऱ्यांना उष्णतेची काळजी नाही. पेलेट (गोळी खाद्य) 80-85 अंशांवर निघत असेल तर कोटेड (उष्णतेपासून वाचवणारं आवरण असलेलं) फायटेज घ्या किंवा पेलेट थंड झाल्यावर द्रवरूप फवारा.

फायटेज, झायलानेज (धान्यातला तंतू फोडणारं एन्झाइम), प्रोटीएज (प्रथिनं फोडणारं एन्झाइम) तिन्ही वापरताना प्रत्येक लेबलवरची ऊर्जा बेरजेत धरू नका. ते आकडे बहुधा एकेकट्या एन्झाइमचे असतात. एकाची पूर्ण धरली तर दुसऱ्याची निम्मीच धरा, तीही वजन आणि एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागलेलं खाद्य) पाहून. आणि सोया पेंड कच्ची असेल तर प्रोटीएजच्या भरवशावर राहू नका, आधी युरिएज तपासणी (सोया पुरेशी भाजली आहे का ते दाखवणारी) करून घ्या.