फॉन्ट टाका म्हणे!

एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकणं मुळीच अवघड गेलं नाही. टॅग उघडा, मजकूर लिहा, टॅग बंद करा. पान सजवणारं सीएसएसही रखडत का होईना जमलं. लॅपटॉपवर माझं मराठी पान झकास दिसत होतं. तेच होस्टिंगवर (साइट इंटरनेटवर ठेवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे संगणकावर) चढवलं आणि शीर्षकाच्या जागी आलं काय, तर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', त्याला चिकटून चार काटे फुटलेलं एक गोल चिन्ह, पुन्हा तोच 'ए', मधूनच जपानी येन. पानभर हेच.

होस्टिंगच्या मदतकक्षाचं पहिलं उत्तर: कॅशे (ब्राउझरनं साठवलेल्या पानांच्या जुन्या प्रती) रिकामी करा. केली. दुसरं: तुमच्याकडे मराठी फॉन्ट नाही, तो टाका. अहो, त्याच ब्राउझरमध्ये मी रोज मराठी बातम्या वाचते! फॉन्ट नसला तर रिकामे चौकोन दिसतात, येन नाही. स्क्रीनशॉट जोडून हे कळवलं, तर 'समस्या सोडवली' म्हणून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद. नवं तिकीट काढलं की नवा माणूस, आणि पुन्हा कॅशेपासून सुरुवात. 'मेटा कॅरसेट यूटीएफ-८' ही, अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवलीत ते ब्राउझरला सांगणारी ओळ घाला, असंही एकानं सुनावलं. ती हेडमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या भागात, पहिलीच होती. (तुम्हीही ती टायटलच्या वरच ठेवा, पहिल्या १०२४ बाइटांत यावी लागते.)

वैतागून एफ१२ दाबलं; त्यानं ब्राउझरची तपासणीची साधनं उघडतात. नेटवर्क टॅब, पान रिफ्रेश, सगळ्यात वरची नोंद, रिस्पॉन्स हेडर्स, म्हणजे पानासोबत सर्व्हर ब्राउझरला पाठवतो ती माहिती. तिथे 'कंटेंट-टाइप'समोर स्वच्छ लिहिलेलं: आयएसओ-८८५९-१. म्हणजे मजकूर पश्चिम युरोपातल्या भाषेतला आहे, असं सर्व्हरच ब्राउझरला सांगत होता, आणि सर्व्हरच्या हेडरपुढे मेटा टॅगचं काही चालत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ते सुटे वाचले की एकाची तीन चिन्हं होतात. पहिला बाइट सगळ्यांचा सारखा, म्हणून तो 'ए' पाठ सोडत नव्हता. लॅपटॉपवर फाइल थेट उघडली की मधे सर्व्हरच नसतो, त्यामुळे तिथे सगळं आलबेल.

साइट अपाचे नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर असेल तर मुख्य फोल्डरमधल्या '.एचटीअ‍ॅक्सेस' फाइलीत एक ओळ पुरते: 'अ‍ॅडडिफॉल्टकॅरसेट', एक जागा सोडून 'यूटीएफ-८', अर्थात रोमन अक्षरांत. नाव टिंबानं सुरू होतं म्हणून ही फाइल सहसा लपलेली असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'हिडन फाइल्स' चालू करा. नोटपॅडमध्ये नव्यानं बनवणार असाल तर सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर शेपटीला 'टीएक्सटी' चिकटतं. आणि हो, फाइल आधीपासून असेल तर हात लावण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवा. तिच्यात एक अक्षर चुकलं तरी अख्खी साइट '५०० एरर' दाखवू शकते.

ओळ टाकून पान रिफ्रेश केलं आणि शीर्षक मराठीत उमटलं. मी खुर्चीतून उठून टाळ्याच वाजवल्या.

तरी तुम्हाला तिकीट काढावंच लागलं, तर 'मराठी दिसत नाही' असं लिहू नका. 'कंटेंट-टाइप'ची ती ओळ जशीच्या तशी चिकटवा. 'मराठी' वाचलं की त्यांचं फॉन्टचं पालुपद सुरू होतं.