समोरचा पंप

समोरच्या पंपाचं उद्घाटन होतं त्या दिवशी अण्णा पहाटे साडेपाचलाच पंपावर जाऊन बसले. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय बहात्तर. नाशिकच्या दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे आमचा पंप आहे, सरकारी कंपनीचा. हिशेब मी बघते, लग्नाला झाली तितकीच वर्षं. पलीकडे २०२१च्या दिवाळीत खासगी कंपनीचा पंप उभा राहिला. त्या कंपनीची निम्मी मालकी परदेशात. हिरवळीचा तुकडा, कॉफीचं मशीन, गणवेशातल्या मुली. गाडी थांबली की "नमस्कार सर, झिरो बघा". आमचा पोऱ्या तेव्हा टायरवर बसून तंबाखू मळत होता.

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. अण्णा म्हणाले, "परदेशी कंपनीचं मला काय सांगतेस? माझ्या मामाच्या पंपावर बोर्ड कुणाचा होता?" बोर्ड बर्मा शेलचा होता. घरात अजून त्यांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात आम्ही नागली ठेवतो, हात फिरवला की उठावाची अक्षरं लागतात. १९७४ ते ७७ या काळात सरकारने एस्सो, बर्मा शेल, कॅलटेक्स एकेक करून ताब्यात घेतल्या. बर्मा शेल सरकारकडे गेली १९७६च्या जानेवारीत, भारत पेट्रोलियम हे नाव आलं १९७७मध्ये. मामांनी बोर्ड बदलला, रंग बदलला. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे गिऱ्हाईक तेच राहिलं आणि त्याची उधारीही.

लोकांना वाटतं समोर दुसरा पंप आला की भाव पडतो. भाजीबाजारात पडत असेल. आमच्या धंद्यात भाव आमच्या हातात कधी नव्हताच. कागदावर पेट्रोलचा भाव २०१०च्या जूनमध्ये मोकळा झाला, डिझेलचा २०१४च्या ऑक्टोबरात. १६ जून २०१७पासून रोज सकाळी सहाला नवा रेट येतो. पहिले काही दिवस मी हौसेने फळ्यावर खडूने लिहायचे. आणि ६ एप्रिल २०२२नंतर तो रेट असा गोठला की पुढची जवळपास दोन वर्षं कंपनीने तो स्वतःहून हलवला नाही. मधे केंद्राने कर कमी केला, मग राज्याने जुलैमध्ये पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये सोडले, तेवढाच काय तो फरक. मार्च २०२४मध्ये निवडणुकीच्या तोंडावर दोन रुपये उतरले. बाहेर कच्चं तेल वर-खाली नाचत होतं आणि आमच्या पाटीवर धूळ.

देशातल्या शंभर पंपांपैकी नव्वदेक सरकारी कंपन्यांचे. तिथे रेट गोठला की उरलेल्या दहांनी काय करायचं? त्यांच्या तोट्याला सरकारी कंपनीसारखा आधार नाही. २०२२च्या उन्हाळ्यात समोर नोझलवर कापडी पिशव्या चढल्या. मुली खुर्च्या टाकून बसलेल्या, हिरवळीला मात्र रोज पाणी. सगळी गर्दी आमच्याकडे. अण्णा खूश व्हायला हवे होते, पण आमची टाकीच कोरडी पडायला लागली. माल मागवायचा तर पैसे आधी भरा, आणि पानेवाडीहून टँकर कधी सुटेल ते मनमाडच्या डिपोलाच माहीत. जूनमध्ये सरकारने नियम काढला की खासगी पंपांनीही ठरल्या वेळेत, वाजवी दराने माल द्यायचा. तेव्हा पिशव्या उतरल्या. रेट मात्र आमच्यापेक्षा जास्तच. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईत शेलचं डिझेल १३० रुपयांवर गेल्याची बातमी आली, तेव्हा सरकारी पंपावर ते चौऱ्याण्णवच्या आसपास होतं. ही बातमी अण्णांनी कात्रण काढून केबिनच्या काचेला चिकटवली. त्यांच्या खोडसाळपणाला वय नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात उलटंही झालं होतं, ते कात्रण मात्र त्यांनी ठेवलं नाही. कच्चं तेल उतरलं आणि खासगीवाल्यांनी लिटरमागे एक रुपया कमी केला. एक रुपया! आमचं कमिशन पेट्रोलला साधारण चार, डिझेलला तीनच्या आसपास, त्यातून मी कुठला रुपया सोडणार? आणि सोडायला परवानगी तरी कुठे आहे? आमचे एक जुने ट्रान्सपोर्टवाले शेठ, सात आयशर गाड्या. एका फेरीला गाडीत दीडशे लिटर म्हणजे हजारभर रुपये वाचले. पहिल्या दिवशी त्यांच्या ड्रायव्हरांनी आमच्याकडे बघायचंही टाळलं. तिसऱ्या दिवशी हात करायला लागले, पलीकडूनच.

परत आले ते मापासाठी नाही आणि प्रेमासाठीही नाही, उधारीसाठी. ती वही आमच्या केबिनमध्ये लाल कापडात असते. समोर कार्ड चालतं, ॲप चालतं, पॉइंट मिळतात. वही चालत नाही. मोहाडी-जानोरीकडचा द्राक्ष बागाईतदार ऑक्टोबरात छाटणी घेतो आणि तिथून ब्लोअरचा ट्रॅक्टर थांबत नाही. पाऊस झाला तर दिवसातून दोनदा फवारणी. पैसे कधी? बाग खाली झाली की. म्हणजे फेब्रुवारी, मार्च, व्यापाऱ्याने लटकवलं तर अक्षय्य तृतीया. तोवर पानावर नाव, ट्रॅक्टरचा नंबर, लिटर, आणि ज्याने डिझेल नेलं त्याची सही. बहुतेक वेळा मुलाची, आठवी-नववीतल्या, अक्षर बापापेक्षा बरं. गारपिटीच्या एका वर्षाची सहा पानं मी अजून दुमडून ठेवली आहेत. त्यातली दोन अण्णांनी न विचारता फाडली. मी भांडले. "मालक तू का मी?" एवढंच म्हणाले.

मापाचं मात्र मी समोरच्यांकडूनच शिकले, हे कबूल करायला हरकत नाही. त्यांच्याकडे पाच लिटरचं माप दर्शनी भागात ठेवलेलं, कुणीही मागावं. आमचं कपाटात, वैधमापनवाले आले की बाहेर निघायचं. आता रोज सकाळी सहाला मी ते स्वतः बाहेर आणते. आधी डिपच्या काठीला पाण्याची पेस्ट लावायची, काठी टाकीच्या तळाला टेकवून काढायची. पेस्टचा रंग बदलला तर तळाला पाणी आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून हे पावसाळ्यात दोनदा करते, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं. मग नोझलचं तोंड मापात, पाच लिटर, फेस बसू द्यायचा, आणि काचेवरची रेघ डोळ्याच्या पातळीत आणून बघायची. मागच्या महिन्यात दोन नंबरची नोझल पाच लिटरमागे वीस मिली जास्त देत होती. कमी नव्हे, जास्त. दिवसाला किती गेलं याचा हिशेब केला आणि अण्णांना सांगितलाच नाही.

२०२५च्या जुलैत युरोपने नायरा या खासगी तेल कंपनीवर निर्बंध घातले. एस्सारची ती नायरा झाली, ४९ टक्क्यांच्या वर हिस्सा रशियाच्या रोसनेफ्टचा. त्या आठवड्यात प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक आम्हालाच विचारे, "वहिनी, हे खासगी पंप बंद पडणार का?" जणू ब्रुसेल्सहून मला फोन येतो. अण्णांनी २००८ बघितलंय. कच्चं तेल १४७ डॉलरला गेलं, सरकारी रेटशी टक्कर देता येईना, खासगी पंपांना कुलपं लागली. त्यांच्या ओळखीच्या एकाने जमीन गहाण टाकून पंप घेतला होता. पुढे त्या छपराखाली कांद्याच्या गोण्या रचलेल्या असत. म्हणून समोरचा पंप बंद पडावा असं अण्णा कधीच म्हणत नाहीत. नुसतं "हिरवळीला पाणी घालतायत ना?" असं विचारतात.

संडासाचं मात्र ते मानत नव्हते. मी चार वर्षं सांगत होते, बाया गाडीतून उतरत नाहीत, समोर जातात. "इथं पेट्रोल विकतो आपण." मग एकदा वणीच्या यात्रेला निघालेली जीप थांबली, अकरा बायका उतरल्या, आणि सगळ्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. जीपवाल्याने डिझेलही तिथेच भरलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. पांढऱ्या फरशा, आरसा, किल्ली केबिनमधल्या खिळ्याला.

परवा दुपारी समोरची गणवेशातली मुलगी रस्ता ओलांडून आली. मला वाटलं सुट्टे हवेत, ते आम्ही एकमेकांना देतोच. म्हणाली, "ताई, तुमच्याकडे पाणी आहे का? आमची मोटर जळालीय, आणि बाहेर ट्रॅव्हल्स थांबलीय, सगळ्या बायका आहेत."

अण्णांनी खुर्चीतून न उठता खिळ्याकडे बोट दाखवलं. "ने. आणि त्या ट्रॅव्हल्सला म्हणावं, डिझेल इकडे भर."